जुना डिझेल ट्रक चालू होत नाही तेव्हा

डिझेल इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी लागतात. इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, सिलिंडरातली हवा नीट दाबली गेली पाहिजे आणि दाबलेल्या हवेत नेमक्या वेळी डिझेलचा फवारा पडला पाहिजे. येथे ठिणगी देणारा प्लग नसतो. हवा सोळा ते अठरा पट दाबली की ती ५०० अंश सेल्सियसच्या पुढे तापते आणि तिच्यात पडलेले डिझेल आपोआप पेटते. ट्रक चालू न होण्याचे कारण, मग ते कितीही आडवळणाचे असो, या तिन्हींपैकी एखाद्या गोष्टीच्या अभावापाशीच येऊन थांबते. हा अभाव कोणता, ते ओळखण्यासाठी आधी पाना लागत नाही. कान आणि डोळे लागतात.

पुढील विवेचन यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे: टाटाचा १२१०, १९८६ साली आलेला ४०७, अशोक लेलँडचा कॉमेट आणि त्यांच्या बरोबरीचे इतर ट्रक. यांतल्या बहुतेकांवर मायकोचा पंप असतो. मायको म्हणजे बंगळूरची १९५१ सालची कंपनी. तिचे नाव २००८ पासून बॉश झाले, तरी गॅरेजात पंपाला अजून मायकोच म्हणतात. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांना यातले थोडेच लागू पडते, आणि त्यांच्या नोझलचे पाइप तर चालू इंजिनावर किंवा सेल्फ मारताना कधीच सैल करू नयेत. तेथला दाब हजार बारच्याही वर जातो.

गाडी कशी बंद पडली?

मिस्त्री चांगला असेल तर बॉनेट उघडण्याआधी चालकाला चार प्रश्न विचारतो. काल रात्री गाडी व्यवस्थित लावली होती आणि सकाळी चालू होत नाही, की रस्त्यात चालता चालता बंद पडली? रस्त्यात पडली असेल तर एकदम बंद झाली, की आचके देत, ओढ कमी होत होत बसली? अलीकडे फिल्टर बदलला, पंप उतरवला, नोझल काढले असे काही काम झाले होते का? डिझेल कुठे भरले आणि टाकी तळाला गेली होती का?

आचके देत बंद पडलेली गाडी जवळजवळ नेहमी डिझेलच्या वाटेकडे बोट दाखवते. फिल्टर चोक झालेला असतो, टाकीत पाणी असते किंवा कुठून तरी हवा आत येत असते. चालत्या गाडीचे इंजिन धाडकन थांबले तर पंपाची ड्राइव्ह तुटणे, इंजिन जाम होणे किंवा बंद करण्याची यंत्रणा ओढली जाणे, अशा गोष्टी आधी पाहाव्यात. आणि काल काही काम झाले असेल, तर ते काम हाच पहिला संशयित. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण फार क्वचित चुकतो.

त्यानंतर स्टॉपची वायर. जुन्या ट्रकचे इंजिन चावीने बंद होत नाही. केबिनमधला दांडा ओढला की पंपाचा स्टॉप लिव्हर डिझेल तोडतो. ही वायर गंजून अर्ध्यावर अडकली तर दांडा आत ढकललेला दिसतो, पण पंपावरचा लिव्हर बंदच्याच जागी राहतो. म्हणून केबिनमधल्या दांड्यावर विश्वास न ठेवता खाली जाऊन पंपावरचा लिव्हर हाताने हलवून पाहावा. काही गाड्यांत हेच काम विजेच्या सोलेनॉइडकडे असते. तेथे चावी फिरवल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो का, ते ऐकावे. एक्झॉस्ट ब्रेक असलेल्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपातली झडप मिटलेली अडकली, तर धूर बाहेर जाऊ शकत नाही आणि इंजिन गुदमरते. या दोन तपासण्यांना मिळून पाच मिनिटे लागतात. त्या राहून गेल्याने अख्खा पंप उतरवला गेल्याची उदाहरणे गॅरेजात ऐकायला मिळतात.

खाली वाकण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हँडब्रेक ओढलेला आहे आणि चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावलेले आहेत, एवढे पाहावे. स्टार्टरची दोन टोके स्क्रू-ड्रायव्हरने जोडून इंजिन फिरवण्याची सवय अनेकांना असते. गाडी गिअरमध्ये असली तर ती त्या क्षणी पुढे झेपावते, आणि स्क्रू-ड्रायव्हर धरणारा माणूस नेमका चाकाजवळ असतो.

सेल्फ उचलत नाही

चावी फिरवल्यावर काहीच होत नसेल, नुसती टिकटिक होत असेल किंवा इंजिन कण्हत कण्हत फिरत असेल, तर डिझेलकडे पाहण्याचे कारण नाही. दोष विजेत आहे. पुरेसा वेग नसेल तर दाबली जाणारी हवा सिलिंडरच्या थंड भिंतींना उष्णता देऊन टाकते, रिंगांच्या फटीतून गळते आणि डिझेल पेटण्याइतकी तापतच नाही. म्हणजे हळू फिरणारे इंजिन बाकी सगळे ठीक असूनही चालू होणार नाही. मिनिटाला शंभर ते दोनशे फेरे हा साधारण अंदाज. चालकाच्या कानाला हा वेग ओळखीचा असतोच.

हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे पूर्ण विझले तर बॅटरी उतरली आहे किंवा एखादे टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच झगझगीत राहिले आणि सेल्फ गप्प राहिला, तर वीज स्टार्टरपर्यंत पोचतच नाही: स्विच, रिले, सोलेनॉइड किंवा त्यांची बारीक वायर पाहावी. दिवे मंदावले आणि इंजिन जेमतेम हलले, तर एक तर बॅटरी अशक्त आहे, नाही तर स्टार्टर किंवा इंजिनच जड झाले आहे.

मल्टिमीटर असेल तर अंदाज करावा लागत नाही. काही तास स्वस्थ असलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, आणि तेथे दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजणे फार गरजेचे आहे. कारण केबिनमधला टेप, पंखा, मोबाइलचा चार्जर यांच्यासाठी चालक हमखास एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात. ती एक बॅटरी रोज थोडी थोडी उतरत जाते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि वर्षभरात दोन्ही जातात. एकत्र मोजले तर २४ च्या जवळपासचा आकडा दिसतो आणि दोष लपून राहतो. एकच नवी बॅटरी जुनीच्या जोडीला बसवणे हाही पैसे वाचवण्याचा भ्रमच आहे. जुनी बॅटरी नवीलाही लवकरच आपल्यासारखी करून टाकते.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद असेल तर जोड तपासावेत. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी दिसते, त्यामुळे ती साफ होते. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी मात्र ग्रीस आणि धुळीखाली असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. सोपी परीक्षा अशी: चार-पाच वेळा सेल्फ मारून लगेच एकेका जोडाला हात लावावा. जो जोड गरम लागतो तो वीज अडवतो आहे. मीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीचे टोक आणि स्टार्टरचे टोक यांच्यामधला व्होल्टेज मोजावा. १२ व्होल्टच्या गाडीत तो अर्ध्या व्होल्टपेक्षा आणि २४ च्या गाडीत एका व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर दोघांमधली केबल किंवा जोड खराब आहे.

स्टार्टर नुसताच ‘घूं’ करून फिरतो आणि इंजिन हलत नाही, तेव्हा पिनियन रिंग गिअरला धरत नसतो. कधी पिनियनची बाजू खराब असते, कधी फ्लायव्हीलच्या रिंगचे दात झिजलेले असतात. सहा सिलिंडरचे इंजिन बंद होताना ठरावीक जागांवरच थांबते, त्यामुळे दातही तेवढ्याच जागी झिजतात. गाडी गिअरमध्ये घालून हाताने थोडी पुढे-मागे हलवली आणि मग न्यूट्रलमध्ये आणून मारलेला सेल्फ लागला, तर दोष रिंगचा समजावा. स्टार्टर सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये. मधे मिनिटभर विसावा दिला नाही तर आतले कार्बन आणि वाइंडिंग जळते, आणि मूळ दोष राहतो बाजूला.

दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना २४ ला २४ आणि १२ ला १२ एवढेच जोडावे. शेवटची निगेटिव्ह क्लिप बॅटरीवर न लावता चासीच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर लावावी, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने तो पेटतो.

एक प्रकार मात्र विजेचा वाटतो आणि नसतो. सेल्फ मारताच इंजिन थोडे फिरून भिंतीला धडकल्यासारखे थांबते. गाडी पाण्यातून गेली असेल किंवा रेडिएटरचे पाणी विनाकारण कमी होत असेल, तर सिलिंडरात पाणी साचलेले असण्याची दाट शक्यता आहे. पाणी दाबले जात नाही. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी धक्काही मारू नये आणि दुसरी बॅटरीही जोडू नये. सगळी नोझल काढून इंजिन पुढच्या पुलीने हाताने फिरवावे. पाणी नोझलच्या भोकातून बाहेर उडते. ते कुठून आले, हेड गॅस्केटमधून की एअर फिल्टरच्या वाटेने, ते ठरवल्याशिवाय नोझल परत बसवू नयेत.

धक्का मारणे

स्टार्टर नादुरुस्त असलेले चालक गाडी उतारावर लावतात, हे कोणत्याही घाटाखालच्या ढाब्यावर दिसते. निदानासाठीही ही युक्ती उपयोगी आहे. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच इंजिन धरले, तर डिझेल आणि कॉम्प्रेशन दोन्ही ठीक, दोष बॅटरी-स्टार्टरचा. नीट वेगाने फिरूनही धरले नाही, तर विजेचा नाद सोडावा. पण एअर ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद असताना कॉम्प्रेसर चालत नाही. टाकीतली हवा उतरलेली असेल तर पायाचा ब्रेक लागणारच नाही, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. गेजवर पुरेसा दाब दिसत नसेल तर लादलेला ट्रक उतारावर सोडू नये.

धुराकडे पाहावे

सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन धरत नाही. आता एका माणसाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. जुन्या डिझेल इंजिनाबाबत याइतकी स्वस्त आणि याइतकी खात्रीची तपासणी दुसरी नाही.

धूर अजिबातच येत नसेल तर सिलिंडरात डिझेल पोचत नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास असलेला धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही. काळा धूर येऊन इंजिन एक-दोन ठोके देत असेल तर डिझेल जळते आहे, हवा कमी पडते आहे. तिसरा प्रकार लवकर संपतो. एअर फिल्टर काढून सेल्फ मारावा, फिल्टरशिवाय लागली तर फिल्टर साफ करावा. जुन्या गाड्यांत ऑइल बाथचा फिल्टर असतो. त्यात ऑइलऐवजी चिखल झालेला सापडणे नवलाचे नाही. फिल्टरच्या नळीत अडकलेली चिंधीही कधी कधी निघते.

धूर नाही: डिझेलचा माग

सर्वांत जास्त गाड्या या गटात अडकतात, म्हणून येथे सावकाश जावे. डिझेलचा प्रवास असा असतो: टाकी, तिथून पाइपाने फीड पंप, मग फिल्टर, मग मुख्य पंपाची गॅलरी, पंपातली एलिमेंट, जाड लोखंडी पाइप आणि नोझल. फीड पंप मुख्य पंपाच्या कुशीतच बसलेला असतो आणि पंपाच्याच कॅमशाफ्टवर चालतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, त्याच्या पुढे ते ढकलले जाते. ओढणारा आणि ढकलणारा असे हे दोन भाग लक्षात ठेवले की बराच गोंधळ टळतो.

ढकलणाऱ्या बाजूला गळती असेल तर ती दिसते, कारण डिझेल बाहेर येते. ओढणाऱ्या बाजूला फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळे कोरडे, स्वच्छ दिसते आणि गाडी मात्र एअर धरते. पंपात हवा शिरली की ती स्प्रिंगसारखी दबते आणि सुटते. नोझल उघडायला सुमारे २०० बार दाब लागतो, तो हवेच्या बुडबुड्यावर तयारच होत नाही.

एअर काढायचे काम असे. फीड पंपावरच्या हँड प्रायमरचा गोल नॉब फिरवून सैल करावा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन-तीन आटे सोडावा आणि नॉब वर-खाली मारत राहावे. पहिल्यांदा नुसती फुसफुस होते, मग फेसाळ, पांढुरके डिझेल येते, मग मोठे बुडबुडे, आणि शेवटी बुडबुड्याविना अखंड धार. धार वाहत असतानाच स्क्रू आवळावा. धार थांबवून आवळला तर तेवढ्यात पुन्हा हवा जाते. मग हेच पंपाच्या गॅलरीवरच्या स्क्रूवर करावे. यानंतर हँड प्रायमरचा नॉब खाली दाबून घट्ट फिरवून बंद करायचा. तो सैल राहिला तर त्याच वाटेने हवा परत आत येते आणि केलेले काम पाण्यात जाते. शेवटी नोझलकडचे पाइपाचे नट १७ किंवा १९ च्या पान्याने एक आटा सोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. नटातून हवा जाऊन डिझेलच्या उसळ्या येऊ लागल्या की एकेक नट आवळत जावे. बहुतेक वेळा चौथा-पाचवा नट आवळेपर्यंत इंजिन धडधडू लागते. चालू इंजिनाच्या गळत्या पाइपापुढे बोट धरू नये. दाबाखालची बारीक धार कातडीखाली घुसते, आणि अशी जखम छोटी दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात दाखवावी लागते.

प्रायमर मारूनही स्क्रूतून काहीच आले नाही, तर टाकीपासून सुरुवात. डिझेल आहे का, हा प्रश्न हसण्यासारखा वाटतो, पण जुन्या गाडीचा काटा खोटे सांगू शकतो. टाकीत काठी घालून पाहावे. झाकणाचे हवेचे छिद्र मातीने बुजले असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला तर हेच कारण. टाकीचा ड्रेन सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असेल तर काही वेळात तळाशी वेगळे दिसते, त्यांच्या सीमेवर तपकिरी, बुळबुळीत थर असेल तर पाण्यात वाढलेल्या जंतूंचा तो गाळ आहे आणि तोच फिल्टर चोक करतो. पावसाळ्यात आणि बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमीचे.

फीड पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, काही गाड्यांत काचेची वाटीही. ती फार कमी वेळा साफ होते. फीड पंप स्वतः चांगला आहे का, ते पाहण्यासाठी त्याचा फिल्टरकडे जाणारा पाइप सोडून सेल्फ मारावा. डिझेल ठोक्याठोक्याने जोरात उडाले पाहिजे. नुसते ओघळत असेल तर आतल्या व्हॉल्व्हखाली कचरा आहे किंवा प्लंजर झिजला आहे.

आता सगळ्यांत उपयोगी युक्ती. टाकीचा पाइप फीड पंपापासून सोडावा. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन पंपापेक्षा उंच, केबिनच्या पायरीवर किंवा मडगार्डवर ठेवावा आणि नव्या रबरी पाइपाने तो थेट फीड पंपाला जोडावा. एअर काढून इंजिन चालू करावे. चालू झाले आणि पंधरा-वीस मिनिटे न अडखळता चालले, तर फीड पंपापासून पुढचे सगळे निर्दोष ठरले. दोष टाकीत किंवा टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात. तेथे भेगाळलेला रबरी पाइप, बँजो बोल्टचे पुन्हा पुन्हा वापरलेले तांब्याचे वायसर आणि चासीला घासून भोक पडलेला पाइप हे तीन नेहमीचे गुन्हेगार. तांब्याचे वायसर एकदा दबले की कठीण होते, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवे वायसर चहाच्या किमतीत मिळते आणि तरी जुनेच लावले जाते, हे या धंद्यातले न सुटणारे कोडे आहे.

थंडीचा एक प्रकार महाराष्ट्रातल्या चालकांना घरी भेटत नाही, पण नाशिकची द्राक्षे उत्तरेकडे नेणाऱ्यांना भेटतो. थंडीत डिझेलमधले मेण गोठून फिल्टर बंद होतो. भारतातल्या नेहमीच्या डिझेलचा गोठणबिंदू उन्हाळ्यात १५ आणि हिवाळ्यात ३ अंशांपर्यंत असू शकतो. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे खास डिझेल इंडियन ऑइलने २०१९ साली आणले, ते याचसाठी. मैदानात भरलेली टाकी घेऊन बर्फात मुक्काम केला तर सकाळी प्रायमर दगडासारखा लागतो. टाकीखाली शेकोटी पेटवण्याचा प्रघात जीवावर बेतणारा आहे. फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळावे आणि ऊन वर येण्याची वाट पाहावी.

पांढरा धूर: डिझेल आहे, आग नाही

येथे हवा पुरेशी तापत नाही, किंवा डिझेल चुकीच्या वेळी पडते, किंवा नोझल फवारा न करता डिझेल नुसते ओतते. सेल्फचा वेग पुरेसा आहे याची खात्री पुन्हा एकदा करावी, कारण पांढऱ्या धुराचे सर्वांत साधे कारण तेच असते. प्रीचेंबरच्या लहान इंजिनांत, उदाहरणार्थ महिंद्राच्या जुन्या जीप-पिकअपमधल्या प्यूजो इंजिनात, हीटर प्लग असतात. ते तापतात का, ते पाहावे. थेट सिलिंडरात फवारा मारणाऱ्या मोठ्या इंजिनांना ते सहसा नसतात.

कॉम्प्रेशनचा अंदाज ऑइल भरण्याच्या झाकणावरून येतो. झाकण काढून सेल्फ मारल्यावर तेथून जोराने वाफारा येत असेल तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. सेल्फचा आवाज एकसारखा ‘घर्र-घर्र-घर्र’ न येता मधेच हलका पडत असेल, तर एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेले आहे. टॅपेट फार घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि तेवढ्यानेही सकाळी गाडी लागायला त्रास देते. म्हणून गेजने कॉम्प्रेशन मोजण्याआधी कंपनीच्या मापाप्रमाणे टॅपेट लावून घ्यावेत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन कमी आले तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट फुटलेले असते. सगळ्यांचेच सारखे कमी असेल तर इंजिन कामाला आले, त्यावर दुसरा उपाय नाही.

याच टप्प्यावर कोणी तरी पेट्रोलमध्ये भिजवलेला पेटता बोळा एअर पाइपापाशी धरतो, किंवा इथरचा स्प्रे मारतो. इंजिन धडाधडा करून चालू होतेही. पण इथर फार लवकर, पिस्टन वर येण्याच्या आधीच पेटते. रिंगा तुटणे, पिस्टनचे काठ फुटणे हे त्याचे नेहमीचे परिणाम. हीटर प्लग तापलेले असताना तर स्फोट थेट हवेच्या नळीत होऊ शकतो.

नोझलची शंका असेल तर इंजिन कसेबसे चालू झाल्यावर एकेक पाइपाचा नट क्षणभर सैल करून पाहावा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. त्याचे नोझल काढून टेस्टरवर तपासून घ्यावे.

सकाळीच लागत नाही, गरम झाल्यावर लागत नाही

रोज सकाळी प्रायमर मारल्याशिवाय न लागणारी आणि दिवसभर मग मुकाट चालणारी गाडी रात्रीत डिझेल टाकीकडे परत सोडते. ओढणाऱ्या बाजूची बारीक फट किंवा फीड पंपाचा न बसणारा व्हॉल्व्ह हे त्याचे कारण. प्रायमरची गरज नसेल, पण सकाळी बराच वेळ पांढरा धूर काढून मग लागत असेल, तर कॉम्प्रेशन उतरणीला लागले आहे.

याच्या उलट, सकाळी एका झटक्यात लागणारी आणि ढाब्यावर जेवायला थांबल्यावर न लागणारी गाडी पंपाच्या झिजलेल्या एलिमेंटकडे बोट दाखवते. गरम डिझेल पातळ होते, झिजलेल्या प्लंजरच्या बाजूने निसटते आणि सेल्फच्या कमी वेगात दाब तयार होत नाही. पंपावर गार पाण्यात भिजवलेले फडके टाकून दहा मिनिटांनी गाडी लागली, तर निदान पक्के झाले. रॉकेल मिसळलेले डिझेल वापरणाऱ्या गाड्यांत हे लवकर होते, कारण पंपाच्या एलिमेंटला वंगण डिझेलचेच मिळते आणि रॉकेलात ते फार कमी असते.

पंप

पंपाचा क्रम शेवटचा असावा. तो महाग आहे आणि रस्त्यावर उघडण्याची वस्तू नाही. मात्र उतरवण्यापूर्वी दोन गोष्टी जागेवर पाहता येतात. महिनोन्महिने उभ्या गाडीत पाण्याने गंजून पंपाचा रॅक, म्हणजे डिझेलचे प्रमाण ठरवणारी दांडी, जाम होतो. रॅकच्या टोकावरची टोपी काढून तो बोटाने सरकतो का, ते पाहावे. तो सहज सरकायला हवा. अडकला असेल तर हातोडीने न ठोकता स्वच्छ डिझेल सोडून हलक्या हाताने मोकळा करण्याचा प्रयत्न करावा, नाही जमला तर पंपाच्या वर्कशॉपचे काम. हे महत्त्वाचे अशासाठी, की डिझेल पूर्ण सोडलेल्या जागी अडकलेला रॅक इंजिनाला पळवतो आणि ते आवरत नाही. दुसरे म्हणजे सेल्फ मारताना पंपाचा शाफ्ट खरोखर फिरतो का. कपलिंगचे बोल्ट सैल झाले असतील तर पंप फिरतो, पण टाइमिंग पुढे-मागे सरकलेले असते.

पंप उतरवायचा ठरल्यास पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत आणून फ्लायव्हील किंवा पुलीवरची खूण जुळवावी, कपलिंग आणि फ्लँजवर छिन्नीने आपली खूण करावी आणि पाइपांना क्रमांक बांधावेत. टाटाच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४ असतो. बंद पडलेली गाडी दुरुस्त पंप लावल्यावरही चालू होत नाही, तेव्हा पाइप उलटसुलट लागलेले असणे किंवा पिस्टन एक्झॉस्टच्या फेरीत असताना पंप बसवलेला असणे, या दोन्ही शक्यता टाइमिंग पुन्हा जुळवण्याआधी पाहाव्यात. दुसऱ्या प्रकारात इंजिन पूर्ण एक फेरा चुकलेले असते. सेल्फ मारला की पांढरा धूर येतो, कधी एअर पाइपातून उलटा ठोका बसतो, आणि नोझल, फिल्टर, बॅटरी सगळे नवे असूनही गाडी लागत नाही. कॅलिब्रेशन करून आलेल्या पंपाच्या चेंबरमध्ये ऑइल भरलेले आहे ना, हे बसवतानाच पाहून घ्यावे. एअर काढल्यावर इंजिन चालू झाले की दहा-पंधरा मिनिटांनी सगळे नट आणि बँजो बोल्ट गळतीसाठी पुन्हा तपासावेत, आणि बंद करून रात्रभर उभी ठेवलेली गाडी दुसऱ्या सकाळी प्रायमरला हात न लावता लागते का, ते पाहूनच ती भाड्याला पाठवावी.